विठोबाचा तपकिरी अंगरखा

अण्णा, तुझ्या शोकसभेत तुझ्या डोळ्यांचं इतकं कौतुक झालं की मला उठून बाहेर जावंसं वाटलं. गेले नाही, कारण पहिल्या रांगेत वहिनीशेजारी बसले होते आणि गुडघे धरलेले होते. देवळाचे अध्यक्ष म्हणाले, अण्णांची नजर म्हणजे दैवी देणगी. खजिनदारांनी त्यांच्या बायकोच्या साडीचा किस्सा सांगितला, की ब्लाऊजपीस आणि काठ यांत अर्ध्या छटेचा फरक आहे हे अण्णांनी दुकानाच्या पायरीवरूनच ओळखलं. मग एक बाई उठली. तिला मी कधी पाहिलेलंही नव्हतं. म्हैसूरमध्ये आता मॅचिंग बघून द्यायला माणूसच उरला नाही, असं म्हणून ती रडायला लागली. फोटोत तू हसत होतास. गिऱ्हाईक पटलं की तू तसाच हसायचास.

सभा संपल्यावर अध्यक्षांनी मला दारात गाठलं. "शारदाक्का, तुम्ही कॉलेजात शिकवलेल्या. अण्णांवर चार ओळी बरेदु कोडी की, स्मरणिकेत घालूया." लिहून द्या हे कानडीत सांगितलं की समोरच्याला नाही म्हणता येत नाही, असं त्यांना वाटतं. मी हो म्हटलं. तू कुठे जन्मलास, दुकान कधी काढलंस, समाजासाठी काय काय केलंस ते त्यांचं ते घालतील. आपण शिंपी लोक माप घेतल्याशिवाय कुणाला सोडत नाही, मेलेल्यालाही नाही. मी मात्र तुझ्याशीच बोलणार आहे. त्यांना छापायचं तर छापू देत, नाहीतर त्यात भजी बांधू देत.

तुझ्या दुकानातला गुंडू आठवतो का? पांढऱ्या पोटाचा, आळशी, दिवसभर रिळांच्या कप्प्यात झोपणारा बोका. मी कॉलेजातून प्राणिशास्त्राचे तास संपवून दुपारी दुकानात कॉफीला यायची आणि तू मला डिवचायला टपलेला असायचास. एक तांबडं रीळ जमिनीवर सोडायचास, गुंडू झडप घालायचा, आणि तू मांडीवर थाप मारून म्हणायचास, "बघ! तांबडंच लागतं त्याला. काय शिकवतीस ग तू त्या पोरींना?"

मी तुला सांगून सांगून थकले. मांजराला तांबडा रंग आपल्यासारखा दिसत नाही. त्याला निळा कळतो, पिवळसर कळतो. तांबडा आणि हिरवा त्याच्या लेखी एकमेकांत मिसळलेला, मळकट, विटलेला काहीतरी. ते रीळ पळतं म्हणून तो धावतो. तू निळं रीळ सोड, तसाच धावेल. तू निळं रीळ सोडलंस, तो धावला, आणि तू म्हणालास की त्याला आता सवय झाली. अशा माणसाशी शास्त्र बोलायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं.

मग बैल. तांबडं दिसलं की बैल पिसाळतो, हे तुझं ठाम मत. मी म्हटलं, बैलालाही तांबडा धड कळत नाही, समोर कापड फडफडवणारा मूर्ख माणूस मात्र चांगला कळतो. मग दसऱ्याचे हत्ती. त्यांच्या कपाळावर, सोंडेवर वेलबुट्टी रंगवतात, ती आरशात दाखवली की हत्ती खुश होतो, म्हणून तो मिरवणुकीत डुलतो, असं तू गिऱ्हाइकांना सांगायचास. मी म्हटलं, हत्तीलाही थोडेच रंग दिसतात, ती नक्षी आपल्यासाठी आहे, त्याला फक्त खाज सुटते. गिऱ्हाईक बाया हसल्या. तुला राग आला. तुझ्या दुकानात तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला हसू मिळालेलं तुला कधी खपलं नाही.

आणि तरी, अण्णा, मला शास्त्र शिकवलंस तूच. बाबा म्हणत होते, मुलीला काज-बटण आलं की पुरे. तू त्यांच्यासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "शिकू दे तिला, मी बघतो." कॉलेजला जाताना माझ्या अंगावर तू शिवलेला ब्लाऊज असायचा आणि वर्गातल्या वकील-डॉक्टरांच्या मुली विचारायच्या, कुठे शिवलास? माझ्या गिरीशचे बाबा गेले तेव्हा तू कुणाला न विचारता रिक्षा घेऊन आलास आणि मला नि माझ्या लहानग्याला सामानासकट घरी घेऊन गेलास. मी हे विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर तुझा नुसता तिरस्कार करून मोकळी झाले असते. तो फार सोपा होता.

आता त्या अंगरख्याकडे येते.

कार्तिकी एकादशीला आपल्या देवळातल्या विठोबाला तुळशीच्या पानाच्या रंगाचा हिरवा अंगरखा चढवायचा आणि तो आपल्या घराण्यानं शिवायचा, हे आजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं. त्या वर्षी वहिनीची आई आजारी होती, म्हणून वहिनी पिरियापट्टणला माहेरी गेली होती. पहाटे पडदा सरला. विठोबा तपकिरी. कॉफीची पूड असावी तसा गडद तपकिरी, वर जरीची किनार. कुणीतरी हळूच विचारलं, "अण्णा, हिरवा नाही?"

मी तुझ्याकडे बघत होते. एक क्षण तुझा चेहरा पार कोरा झाला. मग तू डोळे मिटलेस, हात जोडलेस आणि घोगऱ्या आवाजात म्हणालास, "स्वप्नात आले होते. म्हणाले, वर्षभर मला नटवता, एक दिवस मला मातीचा रंग नेसवा. तलकाडला देवळं वाळूत पुरलेली आहेत बघ, तसा मला ठेव." बायांनी डोळ्यांना पदर लावले. एका म्हाताऱ्यानं तुझ्या पायांवर डोकं ठेवलं. तलकाडची ती देवळं बहुतेक शंकराची आहेत आणि तिथली वाळू अशी गडद तपकिरी नाही, हे त्या गर्दीत एकालाही सुचलं नाही. मला सुचलं, पण मला वाटलं, आमच्या अण्णानं नवीन नाटक काढलंय. आपल्या समाजाला खरं पचत नाही आणि स्वप्न मात्र ताटभर लागतं, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तेव्हापासून दर कार्तिकीला विठोबा तपकिरी. बंगळूरहून लोक बघायला येतात. मोबाइलवर फोटो फिरतात, खाली लिहिलेलं असतं, स्वप्नातला अंगरखा. तू खांद्यावर उपरणं टाकून देवळाच्या खांबाला टेकून उभा राहायचास आणि कुणी स्वप्नाचं विचारलं की नम्रपणे मान खाली घालायचास. त्या नम्रपणाची मला शिसारी यायची.

त्यानंतर कधीतरी एका दुपारी गुंडूच्या पाठीवरून हात फिरवत तू मला विचारलंस, "शारे, त्याला कळतं का ग, आपल्याला कमी दिसतंय ते?"

मी म्हटलं, "कसं कळेल? त्याचं जग त्याला पुरं आहे. मधमाशीला आपल्याला न दिसणारे रंग दिसतात, पक्ष्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसतात. म्हणून तुला काही कमी वाटतं का?"

तू म्हणालास, "मग झालं तर." आणि कॉफी न पिता आत गेलास. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी मी वाद जिंकले. त्या आनंदात मी तुझीही कॉफी पिऊन टाकली.

गिरीश मोठा झाला. माझ्या मुलाला पुस्तकात कधी गोडी वाटली नाही. तुझ्या कटिंगच्या टेबलापाशी मात्र तो तासन्‌तास उभा राहायचा. बारावी झाल्यावर म्हणाला, मामाकडे शिकतो. मला आनंद झाला. त्याचा हात चालायचा, अण्णा, ते मला शिवणातलं फारसं कळत नसतानाही दिसायचं. खडूची रेघ एकदा मारली की दुसऱ्यांदा मारायचा नाही. कापड वाया घालवायचा नाही. त्याला आयुष्यात एवढंच हवं होतं, ते टेबल, ती कात्री आणि तू बरं म्हणणं.

मग दसऱ्याच्या ऐन गर्दीत त्यानं एका हिरव्या साडीला तांबूस फॉल लावला. बाईनं साडी काउंटरवर टाकली. तू ती उचललीस, दुकानातल्या सगळ्यांना दिसेल अशी उलगडलीस आणि म्हणालास, "याला डोळेच नाहीत. आमच्या घराण्यात असला आजवर निपजला नाही." गिरीशनं कात्री टेबलावर ठेवली आणि पायरी उतरला. तू त्याला हाक मारली नाहीस. पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलंस, "काय दाखवू, अम्मा?"

मी तुझ्या घरी येऊन तुझ्याशी भांडले ते तुला आठवत असेल, गल्लीला आठवतं. मी सांगितलं की हा दोष आहे, गुन्हा नाही, त्याला तांबडं-हिरवं वेगळं काढता येत नाही, आणि हा बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला सगळे रंग दिसतात. तू झटकन म्हणालास, "म्हणजे तुझ्याकडून आलं."

"माझ्याकडून. आणि माझ्याकडे आपल्या आईकडून आलं असेल, तर ते तुझ्याकडेही आलेलं असू शकतं."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून ते ठिपक्यांचं पुस्तक आणलं, ज्यात रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेले असतात. तुझ्यापुढे उघडून धरलं. तू बघितलंही नाहीस. "आकडे वाचायला मी काय बँकेत आहे? सुम्ने उगाच डोकं खाऊ नको." पुस्तक मिटून माझ्या हातात दिलंस. संशय मला तेव्हाच आला. पण रोज शेकडो बायांना मॅचिंग काढून देणारा माणूस रंगांधळा कसा असेल, याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. शास्त्र शिकवणारी बाई पुराव्याशिवाय तोंड उघडत नाही, याचा तू आयुष्यभर फायदा घेतलास.

गिरीशनं विजयनगरात पाण्याच्या टाक्यांचं दुकान काढलं. काळ्या टाक्या, सगळ्या काळ्या. बरं चाललंय त्याचं. याच शहरात राहून तो तुझ्या गल्लीत पाऊल टाकत नव्हता, बाजारात यायचं झालं तर लांबच्या रस्त्यानं यायचा. मी तुझ्याकडे येत राहिले. आपण साखरेबद्दल, रक्तदाबाबद्दल, राजकारणाबद्दल बोललो. गुंडू जाऊन त्याची पोरं कप्प्यात झोपायला लागली, पण मांजराचा विषय तू परत काढला नाहीस. शेवटी दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसून विचारलं, गिरीशला बोलावू का? तू छताकडे बघत म्हणालास, "तो कामात असेल." कोण कामात असेल, अण्णा? टाक्या काय पळून जातात?

तेराव्याला पाहुणे जेवून गेल्यावर मी आणि वहिनी स्वयंपाकघरात बसलो होतो. वहिनीला तू ओळखतोस, म्हणजे निदान मी तरी तसं समजत होते. आयुष्यभर तुझ्या काउंटरच्या मागे स्टुलावर बसून हातशिलाई करणारी, न बोलणारी बाई. मी म्हटलं, सभेत सगळे यांच्या नजरेबद्दल बोलत होते. वहिनी ताटं पुसता पुसता म्हणाली, "त्यांना तांबडं-हिरवं कळत नव्हतं की. तुम्हाला ठाऊक असेल वाटलं मला, तुम्ही शिकलेल्या ना, अल्वा?"

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तिनं सगळं सांगितलं, भाजी कशी केली हे सांगावं तसं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिच्या लक्षात आलं होतं. मग तुम्ही दोघांनी पद्धत बसवली. गिऱ्हाइकानं कापड पसरलं की वहिनी कप्प्यातून रीळ काढून द्यायची. पहिलं मुद्दाम चुकीचं. तू ते उजेडात धरायचास, डोळे बारीक करायचास, "छे, अर्धी छटा गडद आहे," म्हणून परत करायचास. दुसरं ती बरोबर द्यायची. गिऱ्हाईक गार. पहिलं रीळ नेहमी नाकारायचं आणि दुसरं नेहमी घ्यायचं, एवढीच ती दैवी नजर! खजिनदारांच्या बायकोचे काठसुद्धा वहिनीनंच तुझ्या कानात सांगितलेले. आणि अंगरख्याच्या वर्षी ती पिरियापट्टणला होती, म्हणून देवाला स्वप्नात यावं लागलं.

मी हसले, अण्णा. तेराव्याच्या दिवशी, तुझ्या स्वयंपाकघरात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. एवढ्या लोकांना एवढी वर्षं गुंडाळलंस आणि तेही बायकोच्या डोळ्यांनी! मला तुझं कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू. सकाळपासून रात्रीपर्यंत पकडले जाण्याच्या भीतीत काउंटरवर उभं राहायचं आणि वर हसायचं, हे सोपं नसणार. तू मला एकदा सांगितलं असतंस तर मी तुझी बाजू घेऊन सगळ्या समाजाशी भांडले असते. माझं कामच ते होतं. अर्धं प्राणिजगत तुझ्यासारखंच बघतं, हे मी तुला गुंडूच्या निमित्तानं दुपारमागून दुपार सांगत होते आणि तू ऐकत होतास.

मग मी विचारलं, "आणि गिरीश?"

वहिनीनं हातातलं ताट खाली ठेवलं. "पहिल्या आठवड्यातच कळलं मला. मी म्हणाले यांना, दोघांनाही मीच काढून देते. म्हणाले, बेडा, नको. एकाला दिलं तर कुणी बघत नाही, दोघांना दिलं तर लोक बघायला लागतील."

माझं हसू तिथं संपलं. तुझे डोळे जसे होते तसे होते, त्यात तुझा काय दोष? पण तू त्या पोराच्या चुकीत तुझीच चूक ओळखलीस, आणि ओळखल्याबरोबर त्याला भर दुकानात नागवा केलास, म्हणजे तुझ्याकडे कुणी बघू नये. याला भित्रेपणा म्हणतात, अण्णा. साध्या माणसांत याला दुसरं नाव नाही.

अध्यक्षांना मी हे सांगितलं. ते या कार्तिकीपासून देवळात पाटी लावणार आहेत, की तपकिरी अंगरखा ही अण्णांची परंपरा. म्हटलं, निदान पाटी तरी लावू नका. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "अक्का, असेल तुमचं खरं. पण आता रंग देवाचा झालाय बघा, नोडी. आपण काय बोलणार?" तुझा वारस तयार आहे, काळजी करू नकोस.

मग मी विजयनगरला गेले. गिरीश टाक्यांच्या मधे खुर्ची टाकून बसला होता. त्याची कानशिलं पांढरी झालीत, ते मला एकदम जाणवलं. मी त्याला सगळं सांगितलं, वहिनी, दोन रिळं, पिरियापट्टण, सगळं. मला वाटलं तो चिडेल, टेबलावर मूठ आपटेल. मी त्यासाठी तयार होऊन गेले होते, मीही त्याच्या जोडीनं तुला शिव्या देणार होते.

बाहेर टेम्पोत कुणी टाकी चढवत होतं, तिकडे तो बघत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, ते डोळ्यांचं राहू दे. माझ्या हाताबद्दल मामा कधी काही बोलला होता का ग? बेतायचो ते बरं होतं, असं?"

मला आठवेना. मी वहिनीला विचारते म्हटलं आणि तिथूनच फोन लावला. वहिनी पलीकडून म्हणाली, "नाही बाई. ते काही बोलले नाहीत. मी बसायची ना तिथंच, बोलले असते तर मला ऐकू आलं असतं." मी फोन ठेवला. गिरीशनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली, आणि उठून टेम्पोवाल्याला दोरी नीट बांधायला सांगायला गेला.

तुझी मला फार आठवण येते, अण्णा. दुपारी कॉफीची वेळ झाली की पाय आपोआप चपला शोधतात. पण त्या पोरानं एवढी वर्षं एकाच वाक्याची वाट बघितली आणि तू ते घेऊन गेलास. हात चांगला आहे, एवढं म्हणायला डोळे लागत नव्हते.